पालिकेच्या कामावर स्थानिकांना लावायचं असेल तर कागद टेंडरच्या आधी तयार ठेवा

आपल्या वॉर्डात पालिकेचं कुठलंही काम निघालं, गटार असो, रस्ता असो, शाळेची इमारत असो नाहीतर पाण्याची टाकी, पहिल्या आठवड्यात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पत्रे लागतात, बोर्ड लागतो, आणि चार-पाच जण गेटवर जाऊन "स्थानिकांना काम द्या" म्हणून उभे राहतात. ठेकेदाराचा माणूस चहा पाजतो, नंबर लिहून घेतो, आणि पंधरा दिवसांनी कळतं की टँकर, जेसीबी नाहीतर खडी-रेती पुरवायचं काम कोणा एकाला मिळालं आणि बाकीची पोरं मजूर नाक्यावर होती तिथेच आहेत. हे होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं, कुठल्या टप्प्यावर कुठला कागद द्यायचा, ते लिहितोय, कारण आम्ही यात मार खाल्लाय आणि नंतर बरंच काही शिकलोय.

आधी मार कसा खाल्ला ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईत ऐरोलीच्या बाजूला एका नाल्याच्या भिंतीचं काम निघालं, आम्ही गेटवर बसलो, दोन दिवस काम बंद ठेवलं आणि २२ जणांना आत घेतलं. आम्हाला वाटलं जिंकलो. अकराव्या दिवशी मुकादम म्हणाला उद्यापासून येऊ नका, बाहेरून टोळी आलीय. चार दिवसांची रोजी अडकली होती ती मागायला आम्ही ऑफिसला गेलो तर पहिलाच प्रश्न, तुमची नावं कुठल्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर आहेत? मस्टरवर एकाचंही नाव नव्हतं. हजेरी होती ती मुकादमाच्या खिशातल्या डायरीत, पेन्सिलने, "दीपक मोठा", "दीपक बारका", "गोठिवलीवाला" अशा नावांनी, पुढे नुसत्या उभ्या रेघा. त्या रेघांवर कुठलाही अधिकारी पैसे देववू शकत नाही. ती रोजी आजपर्यंत मिळाली नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवल्यात. एक, स्थानिकांना काम ही अट टेंडर निघायच्या आधी कागदावर यायला पाहिजे, गेटवर भांडून मिळालेलं काम गेटवरच जातं. दुसरी, त्याच कागदावर साइटवरच्या सगळ्यांचा दर एक पाहिजे, बाहेरून आलेल्यांचा पण. स्थानिकाला आठशे आणि झारखंडवरून आलेल्या पोराला पाचशे असं चाललं तर ठेकेदार महिन्याभरात कोणाला काढणार ते सांगायला नको. परप्रांतीय माणूस आपलं काम खात नाही, त्याचा पडलेला दर आपलं काम खातो, आणि तो दर त्याने पाडलेला नसतो.

बाहेरच्या देशांत हे कसं करतात ते थोडक्यात सांगतो कारण त्यातली एक-दोन तंत्रं आपल्याला जशीच्या तशी उपयोगाची आहेत. अमेरिकेत मोठ्या सार्वजनिक कामांवर प्रोजेक्ट लेबर अ‍ॅग्रीमेंट म्हणून एक करार होतो, काम सुरू होण्याआधीच युनियन आणि काम काढणारी संस्था किंवा मुख्य ठेकेदार बसून पगार, कामाचे तास, तक्रारीची पद्धत सगळं ठरवतात, जो कोणी सब-कॉन्ट्रॅक्टर येईल त्याला ते लागू, आणि बदल्यात युनियन लिहून देते की काम चालू असताना संप करणार नाही. बोस्टन बंदराच्या साफसफाईच्या कामावरून हा वाद त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेला होता आणि १९९३ साली कोर्टाने असा करार चालेल असं सांगितलं. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० मध्ये वेगळा कायदाच केला, शहराच्या बांधकामावर स्थानिक कामगार किती टक्के ते ठरवणारा, सुरुवात २० टक्क्यांपासून. यात महत्त्वाची गोष्ट अशी की ते डोकी मोजत नाहीत, कामाचे तास मोजतात, आणि तेही प्रत्येक धंद्याचे वेगळे, म्हणजे सुतारांचे वेगळे, लोखंडवाल्यांचे वेगळे. नाहीतर शंभर स्थानिक एक दिवस लावून फोटो काढला आणि सोडून दिलं असं होऊ शकतं. आपल्याकडे तास मोजणं जमणार नाही पण हजेरी मोजता येते.

आणि आपल्याकडे काहीच नव्हतं असं कोणी समजू नका. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, रोज सकाळी जे माथाडी बोरे उचलतात त्यांच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी किती रान उठवलं ते नवी मुंबईतल्या जुन्या माणसांना विचारा. त्या कायद्याने कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे होते, मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा टक्केवारी, मंडळात भरायची, मंडळ कामगाराला पैसे देतं, आणि मंडळावर मालक, कामगार, सरकार तिघांचे लोक. म्हणजे मालक बदलला तरी कामगाराची नोंद टिकते. बांधकामावर आपल्याला नेमकं हेच हवंय, पोटठेकेदार बदलला तरी माणसाची हजेरी आणि हक्क टिकले पाहिजेत.

स्थानिक म्हणजे कोण, हे आधी आपल्यात मिटवा

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, मी तर म्हणेन एक महिना द्या. नवी मुंबईत स्थानिक म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यापुढे येतात ९५ गावांतले प्रकल्पग्रस्त, आणि ते बरोबरच आहे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली आली, जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. ज्याची भातशेती आणि मिठागरं या शहराखाली गेली त्याच्या नातवाला त्याच शहराच्या रस्त्यावर काम मागायला लागू नये, ते त्याला आधी विचारलं गेलं पाहिजे.

पण तुर्भे स्टोअर, दिघा, चिंचपाडा, इंदिरानगर इथे जा आणि सकाळी आठला नाक्यावर उभ्या असलेल्या बायामाणसांना गाव विचारा, जालना, परभणी, वाशिम, बुलढाणा, यवतमाळ. बरेच जण वीस-पंचवीस वर्षं इथे आहेत, पोरं पालिकेच्याच शाळेत शिकली. ठाण्यात वागळे, लोकमान्यनगर, कळव्यात पण तेच चित्र. हे स्थानिक नाहीत का? आणि पत्र्याच्या खोलीत भाड्याने पाच वर्षं राहणारा बिहारचा प्लंबर? ही भांडणं तुम्ही आधी मिटवली नाहीत तर ठेकेदार ती तुमच्यात लावून देतो, एका गटाला दहा जागा, दुसऱ्याला सांगतो त्यांनी घेतल्या.

आम्ही शेवटी असं ठरवलं. पहिला नंबर त्या कामाने किंवा त्या शहराने ज्यांची जमीन, घर, धंदा घेतला त्यांचा, प्रकल्पग्रस्त दाखला असलेले. दुसरा नंबर ज्या प्रभागात काम आहे तिथे राहणारे, तिसरा पालिका हद्दीत राहणारे. राहण्याचा पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, लाइट बिल, भाडेकरार, बँकेचं पासबुक यातलं कुठलंही एक. जात, भाषा, गाव कशावरही काही लिहायचं नाही.

का नाही लिहायचं त्याचं कायद्याचं कारण पण आहे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदा केला होता, तो पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. संविधानात देशात कुठेही राहायचा आणि कुठलाही धंदा करायचा हक्क आहे, त्यामुळे "बाहेरच्याला घेऊ नका" अशी अट लिहाल तर पहिल्याच सुनावणीत उडेल आणि तुमची मेहनत जाईल. आपल्या राज्याचं ८० टक्के स्थानिकांचं धोरण सगळे सांगतात, पण ते उद्योग खात्याचं आहे, ज्या कारखान्यांना सरकारी सवलती मिळतात त्यांच्यासाठी. पालिकेच्या रस्त्याच्या ठेकेदाराला ते दाखवून काही होत नाही, उगाच तिथे ताकद घालवू नका. आपण मागायचं ते वेगळं, बंदी नाही तर पहिली संधी. म्हणजे जागा निघाली की आधी प्रभाग कार्यालयात आणि नाक्यावर कळवा, अमुक दिवस थांबा, यादीतला माणूस कामाला बसत असेल तर त्याला घ्या, नसेल तर खुशाल बाहेरून आणा.

यादी, कार्ड आणि नव्वद दिवस

पहिली संधी मागितली आणि उद्या अभियंता म्हणाला द्या मग तुमची माणसं, तर हातात यादी पाहिजे. ही यादी म्हणजे वही घेऊन नाक्यावर बसणं, दुसरा रस्ता नाही. नाव आधारवर आहे तसं, मोबाईल, राहण्याचा पत्ता, काम काय येतं आणि किती वर्षं. काम काय येतं हे नीट लिहा, "बांधकाम" असं लिहून चालत नाही. सेंट्रिंगचा सुतार वेगळा, सळई बांधणारा फिटर वेगळा, गवंडी, प्लास्टरवाला, टाइल्सवाला, वेल्डर, पोकलेनचा ऑपरेटर, बिगारी. बायकांची नावं घेताना त्यांच्या नवऱ्याच्या नावाखाली "आणि पत्नी" असं लिहू नका, तिची स्वतंत्र ओळ पाहिजे, तिची हजेरी, तिचं खातं. बऱ्याच साइटवर जोडीची रोजी नवऱ्याच्या हातात देतात आणि तिची नोंदच राहत नाही, मग तिला कार्ड निघत नाही.

कार्ड म्हणजे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं. वय १८ ते ६०, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदार देतो किंवा पालिकेचा ठरवून दिलेला अधिकारी देतो. फी नाममात्र आहे, एजंट जे हजार-दोन हजार घेतात ते द्यायची काहीच गरज नाही, आणि खोटा ९० दिवसांचा दाखला तर अजिबात घेऊ नका, पडताळणीत सापडलं की खरं काम केलेल्या माणसाचं कार्डही अडकतं. दरवर्षी नूतनीकरण करायला विसरू नका. कामावर मृत्यू झाला तर ५ लाख, नैसर्गिक मृत्यू झाला तर २ लाख, पोरांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला मदत, हे सगळं कार्ड चालू असेल तरच.

यात एक हिशोब लोकांना माहीत नसतो तो सांगून ठेवतो. बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस, म्हणजे उपकर, या मंडळाला जातो, आणि पालिकेच्या कामात तो ठेकेदाराच्या बिलातूनच कापला जातो. म्हणजे १०० कोटीचं काम असेल तर १ कोटी रुपये कामगारांच्या नावाने कापले जातात. तुम्ही पालिकेत बोलायला जाल तेव्हा हे सांगा, की साहेब, आमच्या नावाने सेस कापताय तर आमची नावं पण मस्टरवर येऊ द्या. हे मी बोललोय आणि समोरच्याने फाइल उघडलीय.

ज्यांचं काम चांगलं आहे पण सर्टिफिकेट नाही अशांचं आधीच्या अनुभवावरून कौशल्याचं सर्टिफिकेट काढून घ्या, ती योजना आहे. टेंडरमध्ये कुशल कामगार सर्टिफाइड पाहिजे असं लिहिलेलं असतं आणि तिथे आपला पंधरा वर्षांचा गवंडी बिगारीच्या दरावर बसतो. आयटीआयच्या पोरांसाठी अ‍ॅप्रेंटिस म्हणून किती जागा ते पण अटीत मागा.

टेंडरमध्ये ओळ कुठे घुसवायची

पालिकेचं बजेट साधारण फेब्रुवारीत येतं, त्यात मोठी कामं दिसतात. तिथून पुढे अंदाजपत्रक, मंजुरी, मग टेंडर महाटेंडर पोर्टलवर. टेंडर निघालं की दोन-चार आठवडेच हातात असतात, आणि एकदा ठेकेदाराने दर भरला की नंतर घातलेली कुठलीही अट म्हणजे त्याला जास्तीचा खर्च, तो नाही म्हणणार आणि त्याचं चुकतंय असं पण नाही. म्हणून पत्र द्यायचं ते बजेट आल्यावर लगेच, शहर अभियंत्यांना आणि आयुक्तांना, पोच घेऊन. टेंडर निघालंच असेल तर प्री-बिड मीटिंगच्या, म्हणजे दर भरण्याआधी ठेकेदारांच्या शंकांसाठी होणाऱ्या बैठकीच्या, आधी द्या, तेव्हा शुद्धिपत्रक काढून अट घालता येते. वर्क ऑर्डर निघाल्यावर फार कमी हातात राहतं.

पत्रात भाषण नको, तयार कलम द्या. अधिकाऱ्याला कॉपी करता येईल असं. आम्ही दिलं होतं ते थोडं बदलून इथे टाकतो:

"कंत्राटदाराने तसेच त्याच्या सर्व उपकंत्राटदारांनी या कामावरील कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा प्रत्येक वर्गातील रिक्त जागा प्रथम संबंधित प्रभाग कार्यालयात जाहीर कराव्यात व सात दिवस नोंदणीकृत स्थानिक कामगारांना प्रथम संधी द्यावी. प्रत्येक वर्गातील एकूण हजेरी दिवसांपैकी किमान ३० टक्के दिवस स्थानिक कामगारांचे राहतील असा प्रयत्न करावा व तसे न झाल्यास कारणांसह लेखी अहवाल द्यावा. एकाच वर्गातील सर्व कामगारांना, ते कोठूनही आलेले असोत, समान दर देण्यात यावा. प्रत्येक देयकासोबत हजेरीपत्रक, बँकेतून वेतन दिल्याचा पुरावा व भविष्य निर्वाह निधीचे चलन जोडावे. त्याशिवाय देयक अदा करू नये."

यात ३० हा आकडा मी घातलाय, तुमच्या यादीत खरंच किती माणसं आहेत ते बघून ठरवा. यादीत सळईचे फिटर सहा आणि मागणी ५० टक्क्यांची असं केलं तर दुसऱ्याच महिन्यात ठेकेदार लिहून देतो की माणसं मिळाली नाहीत, आणि ते खरं असतं. शेवटची दोन वाक्यं मात्र सोडू नका. बाकी सगळी कलमं गेली तरी चालतील पण रनिंग बिलासोबत, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलासोबत, मस्टर जोडायची अट राहिली पाहिजे, कारण ठेकेदार कायद्याला घाबरो न घाबरो, बिल अडकायला घाबरतोच.

ठेकेदाराशी करार

आता युनियन. कायदे बदललेत हे लक्षात ठेवा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रम संहिता लागू झाल्यात, त्यामुळे जुनी पुस्तकं आणि जुने फॉर्म घेऊन बसलेल्या पुढाऱ्याला विचारून घ्या की हे नव्यात कुठे आहे. युनियन नोंदवायला कमीत कमी ७ जण लागतात, आणि त्या आस्थापनेतल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल तेवढे सभासद. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के कामगार जिच्याकडे तिला वाटाघाटीचा हक्क, कोणाकडेच तेवढे नसतील तर २० टक्क्यांच्या वरच्या युनियनची मिळून परिषद. म्हणून बाहेरून आलेल्या कामगारांना सभासद करा. फक्त गावातल्या तीस पोरांची युनियन करून तुम्ही दोनशेच्या साइटवर ५१ टक्के आणणार कुठून? लेबर कॅम्पमध्ये संध्याकाळी जा, हिंदीत बोला, त्यांच्या संडासाचा, पाण्याचा, गावी जायच्या भाड्याचा विषय घ्या. आम्ही कॅम्पमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा ते घाबरले, त्यांना वाटलं हाकलायला आलेत. तीनदा गेल्यावर एकाने खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्याच्यावर त्याने स्वतः लिहिलेले कामाचे दिवस होते, तारखेसकट, आमच्या मुकादमाच्या डायरीपेक्षा शंभरपट नीट.

करारात काय पाहिजे त्यातलं जे लोक विसरतात तेच सांगतो. करार मुख्य ठेकेदाराशी करा आणि त्यात स्पष्ट लिहा की पेटी कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पोटठेका, कोणालाही दिलं तरी अटी त्याला लागू. तिथेच सगळं गळतं, कारण काम तिसऱ्या हातात गेलेलं असतं आणि तो म्हणतो मी कशावर सही केलीच नाही. दर लिहिताना किमान वेतनाचा आकडा नुसता टाकू नका, विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून "वेळोवेळी लागू असलेल्या किमान वेतनापेक्षा इतके रुपये जास्त" असं लिहा. जादा कामाला दुप्पट दर हे कायद्यातच आहे तरी लिहा. पगाराची तारीख लिहा, कायद्याने महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत आणि आठवड्याचा असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या आधी, काढून टाकलं किंवा सोडलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब. नेमणूकपत्र प्रत्येकाला, आता ते बंधनकारक आहे.

पावसाळ्याचं नक्की लिहा. मे संपता संपता रस्ते खोदाई बंद होते, चार महिने अर्ध्या लोकांना घरी बसवतात आणि ऑक्टोबरला नवीन टोळी येते. करारात लिहून घ्या की पावसाळ्यात बंद झालेल्यांना काम परत सुरू झाल्यावर त्याच क्रमाने आधी बोलवायचं. ही एक ओळ आमच्या १४ जणांना परत कामावर घेऊन आली.

आणि बदल्यात आपणही द्यायला लागतं. तक्रारीची पायरी लिहा, साइट इंजिनियर दोन दिवस, मग प्रोजेक्ट मॅनेजर पाच दिवस, मग पालिकेचा उपअभियंता, ठेकेदार आणि युनियन अशी तिघांची बैठक, आणि तोवर काम बंद करणार नाही असं लिहून द्या. काही जणांना हे पटत नाही, म्हणतात आपलं हत्यार देऊन टाकलं. मला तसं वाटत नाही. तसाही नवीन कायद्यात नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबल्याशिवाय संप करता येत नाही, आणि नाक्यावरचा माणूस चार दिवसांचा संप पोटावर काढू शकत नाही. ठेकेदाराला काम वेळेत संपण्याची किंमत असते, ती आपण देऊ शकतो, मग त्याची पूर्ण किंमत वसूल करा. फक्त एक अपवाद ठेवा, जिवाला धोका असेल तिथे, म्हणजे खड्ड्याला आधार नाही, बेल्ट नाही, मॅनहोलमध्ये उतरायला सांगितलं, तर कामगार ताबडतोब थांबेल आणि त्याची हजेरी कापली जाणार नाही.

सही कुठे करायची हे पण महत्त्वाचं. आपापसात केलेला करार सही करणाऱ्यांवरच बांधील असतो, पण कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार साइटवरच्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर येणाऱ्यांना पण. म्हणून ठाण्यात वागळे इस्टेटला कामगार उपायुक्तांचं कार्यालय आहे तिथे मागणीपत्र द्या, तारीख घ्या आणि तिथेच करार करा. काम रेल्वेचं किंवा जेएनपीएसारख्या बंदराचं असेल तर ते केंद्राच्या कामगार खात्याकडे जातं, तिथे राज्याच्या ऑफिसात चपला झिजवू नका.

रोजचं लक्ष

करार झाला की बरेच जण सत्कार करून मोकळे होतात, खरं काम तिथून सुरू होतं. आमच्याकडे प्रत्येक टोळीत एक जण संध्याकाळी सुटताना मस्टरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. मस्टर दाखवत नसतील तर गेटवर आत जाताना-येताना तारीख-वेळेसकट टोळीचा फोटो. महिन्याला एकदा पीएफचं पासबुक तपासायचं, पगारातून कापलेत पण भरले नाहीत असं निघालं तर दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार, सहा महिने थांबू नका, तोवर पोटठेकेदार नंबर बदलतो.

पालिकेकडून बिलासोबतची मस्टर मागायला माहिती अधिकार आहे, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. अर्जात "संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहू नका, वर्क ऑर्डरचा नंबर, रनिंग बिलाचा क्रमांक, त्याला जोडलेली हजेरीपत्रकं आणि बँकेचे पुरावे, एवढंच मागा. एकदा आलेल्या कागदात आम्हाला अशी नावं दिसली जी साइटवर कोणीच कधी पाहिली नव्हती, आणि रोज येणारी बारा माणसं त्यात नव्हती. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून, आपला फोटो आणि त्यांचं मस्टर, कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर ठेवले तेव्हा पहिल्यांदा कोणी आरडाओरडा न करता ऐकून घेतलं.

पगार अडकलाच तर ठेकेदाराच्या मागे किती दिवस पळायचं ते आधीच ठरवून ठेवा, आम्ही सात दिवस धरतो. त्यानंतर पालिकेला पत्र, कारण ठेकेदाराने कंत्राटी कामगाराचा पगार दिला नाही तर मुख्य नियोक्त्याने, म्हणजे इथे पालिकेने, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा, हे जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे. पत्रात प्रत्येकाचं नाव, किती हजेऱ्या, कुठला दर, किती रुपये असा तक्ता लावा. खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे.

काम संपत आलं की लोक पांगतात, तेव्हा शेवटच्या महिन्यात एवढं करून घ्या. प्रत्येकाच्या ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही-शिक्का, पीएफमध्ये काम सोडल्याची तारीख टाकून घेणं, कारण ती नसेल तर पैसे काढताना अडतं, आणि अनुभवाचा एक साधा दाखला ज्यात फक्त "मजूर" नाही तर फिटर, गवंडी, ऑपरेटर जे काय केलं ते लिहिलेलं असेल. पालिकेला एक पत्र द्या की कामगारांची देणी पूर्ण झाल्याचं युनियनकडून लेखी आल्याशिवाय ठेकेदाराची सुरक्षा अनामत सोडू नये. त्या पत्राची पोच सांभाळून ठेवा, अनामत सोडायची वेळ काम संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी येते आणि तोवर टेबलावरचा अधिकारी बदललेला असतो.